विश्लेषण : विमानाने नेमके किती इंधन जाळले, हे प्रवाशाला का कळत नाही?

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय नागरी हवाई वाहतूक मंत्रालयाने मुंबई विमानतळावरील गर्दीबाबत एक निवेदन काढले. उतरण्याची परवानगी मिळेपर्यंत विमानांना शहरावर ४० ते ६० मिनिटे घिरट्या घालाव्या लागतात, एक विमान तासाला सरासरी २००० किलो इंधन जाळते, त्यामुळे ४० मिनिटांच्या घिरट्यांत १.७ किलोलिटर म्हणजे सुमारे १.८ लाख रुपयांचे आणि तासाभरात अडीच किलोलिटर म्हणजे सुमारे २.६ लाख रुपयांचे इंधन वाया जाते, असा त्यातला हिशेब होता. या कारणास्तव गर्दीच्या वेळी तासाला ४६ ऐवजी ४४ आणि इतर वेळी ४४ ऐवजी ४२ विमानांची ये-जा व्हावी, असे बंधन घालण्यात आले. निर्णय योग्यच होता. प्रश्न आहे तो ‘सरासरी २००० किलो’ या आकड्याचा. एटीआरसारखे पंख्याचे विमान तासाला हजार किलोही जाळत नाही, तर बोइंग ७७७ सात टनांच्या आसपास जाते. प्रत्येक विमानाने प्रत्येक फेरीत किती इंधन जाळले, याची किलोपर्यंतची नोंद विमान कंपन्यांकडे असते. तरीही सार्वजनिक चर्चेत, अगदी सरकारी निवेदनातही, सरासरीवरच भागवले जाते.

किलो की लिटर?

सरकारी हिशेबातले २००० किलो अडीच हजार लिटर कसे झाले, हे पाहिले की या विषयातली पहिली मेख कळते. जेट ए-१ या विमान इंधनाचे एक लिटर एक किलोचे नसते. १५ अंश सेल्सिअस तापमानाला त्याची घनता लिटरला ०.७७५ ते ०.८४० किलो या मर्यादेत असावी लागते. तापमान वाढले की इंधन प्रसरण पावते आणि तेवढ्याच लिटरमध्ये वजन कमी भरते. विदर्भातल्या मे महिन्यातल्या दुपारी भरलेले हजार लिटर आणि दिल्लीच्या जानेवारीतल्या पहाटे भरलेले हजार लिटर यांच्या वजनात काही किलोंचा फरक सहज पडतो. इंजिनाला मिळणारी ऊर्जा वजनावर ठरते. तेल कंपनीचे बिल मात्र किलोलिटरमध्ये येते. म्हणून इंधन भरणाऱ्या गाडीच्या मीटरवरचे लिटर आणि कॉकपिटमधल्या पडद्यावरचे किलो यांचा मेळ दर फेरीला घालावा लागतो.

हा मेळ चुकला तर काय होते, याचे उदाहरण वैमानिकांच्या प्रशिक्षणात आजही दिले जाते. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे नवे कोरे बोइंग ७६७ माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघाले होते. विमानातले इंधनमापक बंद होते, त्यामुळे टाकीत पट्टी घालून मोजणी झाली. टाक्यांत ७६८२ लिटर इंधन होते आणि प्रवासाला २२,३०० किलो हवे होते. लिटरचे किलो करताना ०.८०३ ने गुणायला हवे होते, पण गुणले गेले १.७७ ने. हा आकडा पौंडांचा होता. कॅनडा तेव्हा मेट्रिक पद्धतीकडे वळत होता आणि जुन्या सवयी अजून गेल्या नव्हत्या. परिणामी २० हजारांहून अधिक लिटर भरायच्या ऐवजी ४९१७ लिटर भरले गेले. विमान निघाले तेव्हा त्यात हवे होते त्याच्या निम्मेही इंधन नव्हते. वाटेतच दोन्ही इंजिने बंद पडली. कॅप्टन बॉब पिअर्सन यांनी विमान तरंगत नेऊन गिमली येथील हवाई दलाच्या जुन्या धावपट्टीवर उतरवले आणि विमानातले सर्व ६९ जण बचावले.

या घटनेत एक गोष्ट बहुतेकदा निसटते. संगणक आपल्या जागी बरोबर होता. त्याला सुरुवातीचा आकडा चुकीचा दिला गेला आणि त्यातून तो इमानदारीने खर्च वजा करत राहिला. सुरुवातीलाच चुकलेली मोजणी पुढे कितीही काटेकोरपणे केली तरी चुकलेलीच राहते. विमान उद्योगाच्या कार्बनच्या हिशेबालाही हेच लागू पडते.

उड्डाणाआधीचा अंदाज कसा बांधतात?

विमानात टाकी काठोकाठ भरून निघत नाहीत. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या (इकाओ) नियमांनुसार इंधनाची बेरीज तुकड्यातुकड्यांनी होते. धावपट्टीपर्यंत जाण्याचे इंधन, प्रत्यक्ष प्रवासाचे इंधन, वारा किंवा मार्ग बदलला तर लागणारे आकस्मिक इंधन (साधारणपणे प्रवासाच्या इंधनाच्या पाच टक्के), ठरलेल्या ठिकाणी उतरता आले नाही तर पर्यायी विमानतळ गाठण्याचे इंधन आणि शेवटी जेट विमानांसाठी ३० मिनिटांचे अंतिम राखीव इंधन. हे शेवटचे इंधन वापरण्यासाठी नसतेच. उतरल्यावर ते टाकीत शिल्लक असायला हवे. त्यावर कॅप्टनला वाटले तर स्वतःच्या जबाबदारीवर तो आणखी काही मागू शकतो.

प्रवासाच्या इंधनाचा अंदाज विमानाचे वजन, उंची, वेग, वारा आणि तापमान यांवरून निघतो. पण एकाच जातीची दोन विमाने सारखे इंधन पीत नाहीत. दहा वर्षे उडालेल्या विमानाची इंजिने झिजलेली असतात, दरवाजांच्या फटी, पंखांवरचे ओरखडे, बाह्यांगावर साचलेली धूळ या सगळ्यांची किंमत इंधनात मोजावी लागते. म्हणून कंपन्या प्रत्येक विमानाचा स्वतंत्र गुणांक ठेवतात. अमुक विमान कारखान्याच्या आकड्यापेक्षा दोन टक्के जास्त जाळते, तमुक साडेतीन टक्के. हा गुणांक दर काही आठवड्यांनी प्रत्यक्ष नोंदींवरून सुधारला जातो. इंजिन धुतले की तो किंचित खाली येतो, तेही दिसते. एवढी बारीक माहिती हाताशी असलेला दुसरा वाहतूक व्यवसाय शोधूनही सापडणार नाही.

आकाशात मोजणी कशी होते?

टाक्यांमधले संवेदक किती इंधन उरले ते सांगतात आणि इंजिनाकडे जाणाऱ्या नळीतले प्रवाहमापक किती जळले ते सांगतात. निघतानाच्या आकड्यातून जळलेले वजा केले की उरलेल्याशी जुळायला हवे. न जुळल्यास गळती असू शकते. २४ ऑगस्ट २००१ रोजी एअर ट्रान्सॅटचे एअरबस ए-३३० अटलांटिकवर असताना उजव्या इंजिनाजवळ इंधनाची नळी फाटली. दोन बाजूंच्या टाक्यांतला असमतोल दिसल्यावर वैमानिकांनी भरलेल्या बाजूचे इंधन गळत्या बाजूकडे वळवले आणि तेही गेले. दोन्ही इंजिने बंद पडल्यावर हे विमानही तरंगत अझोरस बेटांवर उतरले आणि त्यातले ३०६ जण वाचले.

भारतातले ताजे उदाहरण जून २०२५ मधले आहे. गुवाहाटीहून चेन्नईला निघालेल्या विमानाला तिथे उतरता आले नाही, ते बेंगळूरुकडे वळले आणि वाटेत वैमानिकाने इंधनासाठी ‘मेडे’ पुकारला. विमान सुखरूप उतरले. ‘मेडे फ्युएल’चा अर्थ टाकी रिकामी झाली असा नसतो. जवळच्या विमानतळावर उतरेपर्यंत अंतिम राखीव इंधनाला हात लागेल, एवढाच तो असतो. त्याआधीची पायरी ‘मिनिमम फ्युएल’. हे शब्द ठरलेले असण्याला कारण आहे. २५ जानेवारी १९९० रोजी न्यूयॉर्कजवळ एव्हियान्काचे बोइंग ७०७ इंधन संपून कोसळले आणि ७३ जण दगावले. इंधन संपत आल्याचे वैमानिकांनी नियंत्रकांना सांगितले होते, पण आणीबाणी जाहीर करणारे नेमके शब्द उच्चारले नव्हते.

जादा इंधन नेण्यात गैर काय?

सुरक्षेसाठी नेले तर काहीच नाही. पैशांसाठी नेले तर आहे. वाहिलेले इंधन वाहण्यासाठीही इंधन लागते. ढोबळ हिशेबाने जादा वजनाच्या तीन ते चार टक्के इंधन दर तासाला केवळ ते वजन नेण्यात जळते. तरीही परतीच्या ठिकाणी इंधन महाग असेल तर येतानाच टाकी जास्त भरून आणणे कंपनीला परवडते. याला व्यवसायात ‘टँकरिंग’ म्हणतात. २०१९ मध्ये युरोकंट्रोलने युरोपातल्या टँकरिंगचा अंदाज मांडला. कंपन्यांची वर्षाला २६.५ कोटी युरोंची निव्वळ बचत, त्यापोटी २ लाख ८६ हजार टन जादा इंधन आणि सुमारे ९ लाख टन कार्बन डायऑक्साइड. पुढे युरोपीय संघाने नियम केला. २०२५ पासून तिथल्या विमानतळावरून वर्षभरात लागणाऱ्या इंधनापैकी किमान ९० टक्के तिथेच भरावे लागते.

भारतात याचे मूळ करात आहे. विमान इंधन वस्तू आणि सेवा कराच्या बाहेर आहे, त्यावर प्रत्येक राज्य आपापला मूल्यवर्धित कर लावते आणि या दरांत मोठी तफावत आहे. महाराष्ट्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडसाठी हा कर २५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला, तो गोवा आणि बेंगळूरुच्या बरोबरीला यावा म्हणून. करकपातीची चर्चा तिकिटाच्या दरापुरतीच झाली. स्वस्त राज्यातून इंधन भरून महाग राज्यात नेण्याच्या खटाटोपात किती इंधन जळत होते आणि कपातीनंतर त्यात काय फरक पडला, हे कोणी विचारले नाही. विचारले असते तरी उत्तर देणारा सार्वजनिक आकडा उपलब्ध नाही.

मग हा हिशेब मागतो कोण?

आंतरराष्ट्रीय उड्डाणांपुरता इकाओ मागते. ‘कॉर्सिया’ या योजनेखाली १ जानेवारी २०१९ पासून इंधनाची नोंद ठेवणे बंधनकारक झाले. त्यासाठी पाच पद्धती मान्य आहेत. सर्वांत सोपी म्हणजे विमान जागेवरून हलताना टाकीत किती होते आणि पोहोचून थांबल्यावर किती उरले, यांची वजाबाकी. इतर पद्धतींत दोन फेऱ्यांमधले शिल्लक इंधन आणि मधल्या वेळेत भरलेले इंधन यांची बेरीज-वजाबाकी असते. आलेल्या किलोंना ३.१६ ने गुणले की कार्बन डायऑक्साइडचे किलो मिळतात. घनतेचा प्रश्न इथेही सुटत नाही. प्रत्यक्ष घनता वापरता येते किंवा सरसकट ०.८ धरता येते. स्वतंत्र तपासनीस हा अहवाल तपासतो. भारतीय कंपन्यांना उत्सर्जनाची भरपाई २०२७ पासून करावी लागेल.

पण देशांतर्गत उड्डाणे या योजनेत येत नाहीत. मुंबई-दुबई फेरीचा हिशेब तपासनीसापुढे जातो, मुंबई-नागपूरचा जात नाही. पेट्रोलियम मंत्रालयाचा नियोजन व विश्लेषण कक्ष देशात दर महिन्याला एकूण किती विमान इंधन खपले ते सांगतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय (डीजीसीए) दर महिन्याला प्रवासी किती, आसने किती भरली, किती उड्डाणे रद्द झाली, वेळ किती पाळली गेली, तक्रारी किती आल्या हे कंपनीनिहाय देते. इंधनाचा रकाना त्यात नाही. अमेरिकेत परिवहन विभागाची सांख्यिकी संस्था कंपन्यांकडून इंधनाचा वापर आणि खर्च दरमहा घेऊन प्रसिद्ध करते, आणि त्यामुळे तिथल्या कंपन्या बुडाल्याचे ऐकिवात नाही.

हा रकाना नसल्याने प्रवाशाच्या वाट्याला गणकयंत्रे येतात. इकाओचे गणकयंत्र दोन विमानतळांमधले सरळ अंतर घेते आणि त्यात ठरावीक किलोमीटर मिळवते. ५५० किलोमीटरपर्यंतच्या मार्गाला ५०, त्यापुढे ५५०० पर्यंत १००. मुंबई-गोवा प्रवासात घातलेल्या चार घिरट्या या ५० किलोमीटरमध्ये मावत नाहीत. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचे आकाश बंद झाल्यावर दिल्लीहून युरोपला जाणाऱ्या भारतीय विमानांना पडलेला वळसाही सरळ रेषेच्या हिशेबात दिसणार नाही.

आकडे खुले करण्याला दोन आक्षेप घेतले जातात. पहिला व्यावसायिक गुपिताचा, आणि तो फारसा टिकणारा नाही. इंधन कोणत्या दराने घेतले हे गुपित असू शकते, किती जाळले हे नव्हे. दुसरा आक्षेप गंभीर आहे. इंधनाची यादी प्रसिद्ध झाली की कंपन्या वैमानिकांवर कमी इंधन नेण्यासाठी दबाव आणतील, असा तो आहे. जुलै २०१२ मध्ये माद्रिदवरच्या वादळामुळे रायनएअरची तीन विमाने व्हॅलेन्सियाकडे वळली आणि तिन्हींना इंधनासाठी ‘मेडे’ द्यावा लागला. तिन्ही विमानांत नियमाइतके इंधन होते, तरी आयर्लंडच्या प्राधिकरणाने कंपनीला इंधन धोरणाचा फेरविचार करायला सुचवले. कोणत्या कॅप्टनने किती जादा इंधन मागितले याच्या क्रमवाऱ्या कंपनीच्या आत आजही लागू शकतात, आणि तिथे त्यावर कोणाची नजर नसते. मार्गनिहाय आणि विमानाच्या जातीनुसार मासिक आकडे दिले, वैमानिकाचे नाव आणि एकेका फेरीचा तपशील वगळला, तर हा धोका उरत नाही. उलट एखाद्या मार्गावर उतरताना शिल्लक राहणारे इंधन महिन्यागणिक घटत असेल, तर ते ‘मेडे’ची वेळ येण्याआधी डीजीसीएला दिसेल.

यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. विमान थांबताच टाकीतला आकडा आपोआप कंपनीच्या संगणकावर जातो. डीजीसीएच्या मासिक अहवालात एक रकाना वाढवायचा आहे.