खिडक्या लावून घ्या

23 मे 2024 ला डोंबिवली एमआयडीसीच्या फेज 2 मध्ये अमुदान केमिकल्समध्ये स्फोट झाला. त्याआधी जवळजवळ आठ वर्षांपूर्वी, 26 मे 2016 ला, याच एमआयडीसीत प्रोबेस एंटरप्रायझेसचा स्फोट होऊन 12 माणसं गेली होती. दोन्ही वेळा दूरदूरच्या इमारतींच्या काचा फुटल्या आणि दोन्ही वेळा एक प्रश्न ऐकू आला: ‘कारखान्यांशेजारी घर घेतलंच कशाला?’

हा प्रश्न अन्यायाचा आहे. इथला निवासी विभाग खुद्द एमआयडीसीनेच आखलेला. घर घेणाऱ्याने लोकलचं अंतर पाहिलं, मुलांची शाळा पाहिली, कर्जाचा हप्ता पाहिला. शेजारच्या टाकीत काय भरलंय हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

पण हाच प्रश्न आपण डॉक्टरही वेगळ्या शब्दांत विचारत असतो. रात्री उग्र वास सुटतो, सकाळी धाप लागलेली बाई दवाखान्यात येते. आपण इनहेलर देतो आणि सांगतो, ‘खिडक्या लावून घ्या, मास्क वापरा, जमलं तर जागा बदला.’ सल्ला चुकीचा नाही, पण त्यातलं प्रत्येक काम पेशंटने करायचं आहे. वास सोडणाऱ्याच्या वाट्याला काहीच येत नाही, कारण केसपेपरवर त्याचा उल्लेखच नसतो. तिथे फक्त ‘ॲलर्जिक ब्रॉन्कायटिस’ लिहिलेलं असतं.

जानेवारी 2014 मध्ये डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला, फेब्रुवारी 2020 मध्ये रस्ता गुलाबी झाला. रस्त्याचा रंग डोळ्यांना दिसला, म्हणून मुख्यमंत्री पाहायला आले. आपल्या ओपीडीतला खोकला कुणी पाहायला येत नाही. तो दिसेल अशी सोय आपणच केलेली नाही.

भोपाळमध्ये 1984 साली गॅसगळती झाली तेव्हा डॉक्टरांसमोर हजारो माणसं तडफडत होती आणि गॅस नेमका कोणता, उपाय काय, हे कंपनीकडून त्यांना धड कळत नव्हतं. त्या अनुभवातून 1989 चे घातक रसायनांचे नियम आले. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त साठा असलेल्या कारखान्याने आसपासच्या लोकांना धोक्याचं स्वरूप आणि अपघातात काय करायचं, काय टाळायचं, हे आधीच सांगितलं पाहिजे, असं त्यांत आहे. कल्याण-डोंबिवलीतल्या किती दवाखान्यांत अशी माहिती पोचली आहे? ती लेखी मागायला हवी, आणि एकेकट्याने नव्हे, आपल्या संघटनेच्या लेटरहेडवर. एकट्या डॉक्टरचं पत्र टपालात पडून राहतं.

कामगारांच्या बाबतीत तर पळवाटच नाही. शिशाची बाधा, सिलिकोसिस, रसायनांनी झालेला त्वचादाह असे ठरावीक व्यावसायिक आजार कारखान्यातल्या माणसात दिसले, तर कळवणं कायद्यानेच आपल्यावर आहे. कंत्राटी कामगार ‘नाव लिहू नका, काम जाईल’ म्हणतो तेव्हा आपला हात थांबतो, हे मी समजू शकतो. पण तो थांबला की पुढच्या पाळीतला माणूसही त्याच टाकीजवळ उभा राहतो.

शेजारी राहणाऱ्यांसाठी मात्र असा कोणताच रकाना नाही. म्हणून या अंकात एक कोरा तक्ता छापला आहे. नाव नको. त्रास कधी सुरू झाला, वास कसा होता, वारा कुठून होता, राहण्याचा विभाग कोणता, आणि घरात आणखी कुणाला त्रास झाला का, एवढंच भरायचं. पावसाळा संपेपर्यंतचे भरलेले तक्ते आमच्याकडे पाठवा. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या नोंदी वेगवेगळ्या मांडून आम्ही त्या दिवाळीनंतरच्या अंकात छापू आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला देऊ.