परसदार : बदकांचीं पिलें आणि त्यांची आई

अंगणांत विहीर, मागें प्रशस्त परस आणि घरांत मुलांचा गोकुळ, अशा बिऱ्हाडांत बदकें पाळण्याची हौस कोणाला ना कोणाला होतेच. पाखरूं दिसण्यांत गोजिरें, बागेंतील गोगलगाई वेंचून खाणारें. हंस तर परक्या माणसाची चाहूल लागतांच असा गलका करतात कीं, राखणीस निराळा कुत्रा नको. ज्या घरांत मांसाशन वर्ज्य आहे तेथेंहि केवळ शोभेसाठीं व संगतीसाठीं हीं पाखरें पाळतां येतात. मात्र अंडें उबविणें हें या कामांतील सर्वांत सोपें अंग आहे. त्यांतून जो जीव बाहेर येतो त्याचें आईपण कोणाकडे जाणार, हा खरा प्रश्न आहे.

प्रथम उबवणीविषयीं. कोंबडीचीं अंडीं 21 दिवसांत फुटतात. बदकांना 28 दिवस लागतात, मस्कोव्ही जातीला सुमारें 35, आणि हंसांना जातीप्रमाणें 28 ते 34. अंडीं नर व मादी एकत्र असलेल्या कळपांतूनच आणावींत. तीं स्वच्छ, न तडकलेलीं व शक्य तों सात दिवसांच्या आंतील असावींत. बसवीपर्यंत निमुळतें टोंक खालीं करून थंड जागीं ठेवावींत. खुडूक देशी कोंबडी मिळाल्यास उत्तम. तिच्या अंगाखालीं बदकाचीं आठ-दहा किंवा हंसाचीं चार-पांच अंडीं मावतात. हंसाचें अंडें जड असल्यामुळें तिला तें फिरवतां येत नाहीं. तें काम रोज आपल्या हातानें करावें. शिवाय तिला नेहमीपेक्षां आठवडाभर अधिक बसावें लागतें, म्हणून तिचें दाणापाणी चुकवूं नये.

पंखा असलेल्या उबवणी-यंत्रांत उष्णता 37.5 अंश सेल्सिअस ठेवतात. थोडा वेळ अंडें निवलें तर बहुधा निभावतें. परंतु फाजील उष्णतेनें आंतील जीव लवकर दगावतो. यास्तव वैशाखांतल्या तापलेल्या खोलींत यंत्र मांडूं नये. अंडीं दिवसांतून निदान तीन वेळां फिरवावींत. सातव्या दिवशीं अंधारांत दिव्यापुढें अंडें धरलें असतां कोळ्याच्या जाळ्याप्रमाणें रक्तवाहिन्या दिसतात. ज्यांत कांहींच दिसत नाहीं तें काढून टाकावें. शेवटचे तीन दिवस अंडीं फिरवूं नयेत, ओलावा वाढवावा व झांकण उघडूं नये. कवचाला पहिला टोचा पडल्यापासून पिलूं बाहेर येईपर्यंत एक दिवस, कधीं त्याहूनहि अधिक वेळ जातो. अशा वेळीं मुलांना धीर धरवत नाहीं व मोठ्यांनाहि दया येते. पण कवच सोलण्याचा मोह टाळावा. आंतील रक्तवाहिन्या अजून सुकलेल्या नसतात, बलक पोटांत पुरता ओढला गेलेला नसतो. घाईची मदत पिलाच्या जिवावर बेतते.

पिलूं बाहेर आलें म्हणजे दुसरा अंक सुरू होतो. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांनीं हंसांचा या दृष्टीनें सूक्ष्म अभ्यास केला व 1935 सालीं आपलीं निरीक्षणें सविस्तर प्रसिद्ध केलीं. यंत्रांतून निघालेल्या पिलांना प्रथम लोरेन्झच दिसले, म्हणून तीं त्यांनाच आई समजून त्यांच्या मागें फिरूं लागलीं. प्राण्यांच्या वर्तनाविषयींच्या संशोधनाबद्दल 1973 सालीं त्यांना इतर दोघांसमवेत नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्या परसांत याचा अर्थ असा कीं, एकच पिलूं काढलें तर तें घरांतील मुलालाच आई मानील, आणि मूल शाळेंत गेलें कीं दिवसभर आक्रोश करील. पुढें स्वजातीयांत मिसळणेंहि त्याला अवघड जाईल. यास्तव पिलें निदान तीन तरी एकत्र वाढवावींत.

पहिल्या आठवड्यांत पिलांना सुमारें 32 अंश ऊब लागते; पुढें दर आठवड्यास ती तीनेक अंशांनीं कमी करावी. पिलें दिव्याखालीं दाटी करूं लागलीं तर ऊब कमी पडते, दूर जाऊन चोंच उघडून धापा टाकूं लागलीं तर अधिक होते, असें समजावें. खालीं वर्तमानपत्र अंथरूं नये, त्यावर पाय घसरून फांकतात, गोणपाट चांगलें. पिण्याचें पाणी नाकपुड्या बुडतील इतकें खोल असावें, पण पोहण्याजोगें नसावें. आईच्या पिसांतील तेल न लाभलेलें पिलूं भिजून गारठतें. कोंबडीच्या पिलांपेक्षां यांना नायसिन हें जीवनसत्त्व अधिक लागतें, तें न मिळाल्यास पाय वांकतात. म्हणून खाद्यांत थोडें यीस्ट मिसळावें. बुरसटलेली शेंगदाण्याची पेंड चुकूनहि देऊं नये. 1960 सालीं इंग्लंडांत अशाच विषारी पेंडीनें लाखांवर टर्की पक्षी दगावले. बदकांचीं पिलें तर त्या विषाला फार लवकर बळी पडतात. पिलांना हाताळल्यावर मुलांनीं साबणानें हात धुवावेत, हेंहि विसरूं नये.

आतां शेवटचा हिशेब. निघालेल्या पिलांपैकीं साधारण निम्मीं नर असतात, आणि पांच-सहा माद्यांत एकच नर पुरे होतो. अधिक झाले तर माद्यांना जाच होतो. ज्या घरांत पाखरूं कापलें जात नाहीं, त्या घरानें जास्तीच्या नरांची सोय आधींच ठरविली पाहिजे. तळ्यावर वा नदीवर नेऊन सोडणें ही सोय नव्हे. पाळीव पाखराला तेथें कुत्र्यांपासून जीव वांचवितां येत नाहीं. बदक आठ-दहा वर्षें जगतें आणि हंस वीस वर्षें किंवा त्याहूनहि अधिक. आज तिसरीच्या वर्गांत असलेली आपली मुलगी आपला संसार थाटील, तेव्हांहि तो परसांत असेल. रोज पाणी कोण बदलील, गांवाला गेल्यावर कोण पाहील, तिन्हीसांजेला मुंगसांच्या व मांजरांच्या भयानें खुराड्याचें दार कोण लावील, हें घरांतील लहानथोरांनीं एकत्र बसून ठरवावें. आणि मगच अंडीं बसवावींत.