मातृभाषेच्या रकान्यात काय लिहिणार?

पोस्ट जरा लांब आहे आणि थोडी भांडखोरही आहे. विषय जनगणनेचा.

३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा इंदूरच्या आपल्या घरांतले फोन दिवसभर वाजत होते. अभिनंदन, पेढे, अभिमान! त्यातल्याच काही घरांत परवा जनगणनेचा विषय निघाला, तर म्हणे, "मातृभाषा ना? हिंदी लिहून टाकू हो, काय फरक पडतो!"

या "काय फरक पडतो"शी माझं भांडण आहे.

२०११मध्ये आमच्याकडे आलेल्या प्रगणक बाई भल्या होत्या. नाव, वय, शिक्षण सगळं विचारलं आणि मातृभाषेपाशी न विचारताच हिंदी लिहायला लागल्या. बोलणं हिंदीतच चाललेलं, त्यांना तरी काय कळणार? सासूबाई पोळ्या लाटता लाटता आतून ओरडल्या, "मराठी लिखो बाई, मराठी! पाँच पीढ़ी से मराठी हैं." मग बाईंनी मराठी लिहिलं. असं ओरडणारं माणूस किती घरांत नसेल, देव जाणे.

आता नियम बघा. जनगणनेत मातृभाषा म्हणजे लहानपणी आई तुमच्याशी ज्या भाषेत बोलली ती. शाळेची भाषा नाही, दुकानातली नाही, आज तोंडात जास्त बसलेली तर नाहीच. घरातल्या प्रत्येकाची वेगळी लिहितात. सून गुजराती असेल तर तिच्यापुढे गुजरातीच यायला हवं. आणि हिंदी सुटत नाही बरं का. येणाऱ्या आणखी दोन भाषा सांगायला २०११च्या फॉर्मात वेगळा रकाना होता. मराठी म्हटल्याने आपण कमी इंदुरी होत नाही. होळकरांची राजधानी मंदसौरच्या तहानंतर १८१८मध्ये इंदूरला आली, आपलीही पुष्कळ घराणी तेव्हापासूनची. आता कोणाला काय सिद्ध करून दाखवायचंय?

काही जण म्हणतात, सरकारला सगळं माहीतच असतं. नाही हो! आधार कार्डावर मातृभाषा नसते, रेशन कार्डावर नसते. देशभर घरोघर जाऊन भाषा विचारण्याचं काम जनगणनाच करते, १८८१पासून. २०२१ची गणना लांबली, त्यामुळे आज जो तो २०११चाच आकडा सांगतो: देशात मराठी मातृभाषेचे सुमारे ८.३० कोटी, हिंदी आणि बंगालीनंतर तिसरा क्रमांक. मध्य प्रदेशात बारा लाखांच्या आसपास. आता माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७मध्ये आहे. तेव्हा जे लिहिलं जाईल ते पुढची दहा वर्षं तरी चिकटणार.

आणि आकड्याने काय होतं, ते बेळगावकरांना विचारा. सीमाभागावर महाराष्ट्राचा दावा आजही १९५१च्या जनगणनेतले गावोगावचे भाषिक आकडे घेऊन उभा आहे. भाषिक अल्पसंख्याकांसाठी १९५६मध्ये ठरलेल्या तरतुदींत, जिथे १५ टक्के लोक एका भाषेचे तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही काढाव्यात, असं आहे. ते मागायला तिथली माणसं सत्तर वर्षं झगडतायत. आपल्याला इंदूर-ग्वाल्हेर-बडोद्याला झगडा नाही, म्हणून बेफिकिरी आलीय.

इंदुरात आपण १५ टक्क्यांच्या जवळपासही नाही, मान्य. पण मराठी शाळेचा वर्ग टिकवा म्हणून अर्ज घेऊन जा, नाहीतर विद्यापीठात मराठी विषय राहू द्या म्हणून जा. समोरचा पहिलं हेच विचारतो, "आप लोग हैं कितने?" तेव्हा गणेशोत्सवाचे फोटो दाखवायचे का?

आता कडू गोष्ट. आकडा फुगवा, असं मी मुळीच म्हणत नाहीये. जाणूनबुजून खोटं उत्तर देणं जनगणना कायद्याने गुन्हा आहे, आणि त्याने घोळच होतो. १९५१मध्ये पंजाबात भाषेच्या उत्तरांवरून इतका वाद पेटला, की हिंदी आणि पंजाबीचे आकडे वेगळे दाखवताच आले नाहीत. म्हणून खरं तेच सांगा. पण मग खरं हेही आहे, की ज्या घरात आई लेकराशी जन्मापासून हिंदीतच बोलते, त्या लेकरापुढे हिंदीच लिहावं लागेल. आडनाव कुलकर्णी असो नाहीतर शिंदे. तिथे प्रगणकाला दोष देऊन उपयोग नाही. सुनांनो, लेकींनो, राग आला तर येऊ दे. पाळण्यातल्या पोराचा रकाना अजून तुमच्या हातात आहे.

भीतीपोटी गप्प बसणाऱ्यांसाठी: १९४८च्या कायद्याने तुमची वैयक्तिक माहिती गुप्त राहते, कोर्टात पुरावा म्हणूनही वापरता येत नाही. उत्तर देणं मात्र बंधनकारक आहे.

तर काम एवढंच. या वेळी ऑनलाइन स्वतः माहिती भरायचीही सोय आहे. ती वापरणार असाल, तर आईबाबांची माहिती भरताना त्यांना जवळ बसवा आणि विचारून भरा. प्रगणक आले, तर चहा विचारा, आणि मातृभाषेपाशी काय लिहिलं ते वाचून दाखवायला सांगा. जबलपूर, सागर, उज्जैन, देवास, हैदराबादच्या नातेवाइकांनाही ही पोस्ट पाठवा. आणि तुमच्याकडे २०११मध्ये काय लिहिलं गेलं, कोणाला आठवत असेल तर खाली जरूर सांगा.