कागदी पथ्य

उपदेश हा जगातला सर्वांत स्वस्त पदार्थ आहे. म्हणूनच तो गरिबाच्या पानात सढळ हाताने वाढला जातो. वैद्यकात या पदार्थाला हल्ली आहारपत्रक म्हणतात. रक्तदाब १४०-९०च्या पलीकडे गेला की गोळ्यांबरोबर ते हाती पडते. मलाही पडले. कोणत्या दवाखान्यात, ते सांगण्याचे कारण नाही. ही पत्रके बहुधा एकाच आईची लेकरे असतात. मीठ कमी खा, वजन घटवा, ओट्स खा, ऑलिव्ह तेल वापरा, ब्रोकोली उकडून घ्या, आणि मन शांत ठेवा! तळोद्याच्या बाजारात ब्रोकोली शोधीत हिंडणाऱ्या माणसाचे मन कितपत शांत राहील, याचा विचार पत्रककर्त्याने केलेला दिसत नाही.

थट्टा राहू द्या. पत्रकातले शास्त्र खोटे आहे असे मी मुळीच म्हणत नाही. मीठ रक्तदाब वाढविते, हे निर्विवाद आहे. जागतिक आरोग्य संघटनेने माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याइतकेच मीठ खावे असे सांगितले आहे. भाज्या, फळे आणि डाळी यांतील पोटॅशियम मिठाचा जोर मोडते, हेही खरे. गोळ्या सोडून नुसत्या पथ्यावर विसंबणे तर आत्मघातच. माझे भांडण शास्त्राशी नाही. शास्त्राचा अर्धा भाग सांगून उरलेला अर्धा गिळून टाकणाऱ्यांशी आहे.

तो गिळलेला अर्धा पाहा. या सगळ्या पत्रकांचे मूळपीठ म्हणजे अमेरिकेतील ‘डॅश’ नावाचा प्रयोग. तो १९९७ साली प्रसिद्ध झाला. फळे, भाज्या आणि कमी स्निग्धांशाचे दूध-दही यांवर भर देणाऱ्या आहाराने, ज्यांचा रक्तदाब मुळातच चढलेला होता त्यांचा वरचा आकडा सुमारे ११ अंशांनी उतरला. फार मोठे यश! परंतु त्या ४५९ माणसांना संशोधकांनी कागद दिला नव्हता. जेवण दिले होते. प्रयोगाच्या स्वयंपाकघरात शिजवलेले, मोजलेले आणि फुकट. चीनमध्ये ६०० खेड्यांत जवळजवळ २१ हजार माणसांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२१ साली आले. नेहमीच्या मिठाऐवजी पाऊण भाग साधे मीठ आणि पाव भाग पोटॅशियमचे क्षार असे मिश्रण वापरल्याने पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले. तेथेही ते मीठ लोकांना फुकट पुरविले होते. म्हणजे सिद्ध झाले ते देण्याचे सामर्थ्य; आपण मात्र त्याच्या आधारावर सांगत सुटलो आहोत.

आता सातपुड्याच्या पायथ्याशी या. नंदुरबार जिल्ह्याचे नाव महाराष्ट्रात निघते ते कुपोषणाच्या संदर्भात. ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा मजुराच्या हाती ‘वजन घटवा’ असे छापलेला कागद देणे याला वैद्यक म्हणावे की विनोद? तो मीठ जास्त खातो हे खरे असेल. पण का खातो? कोरडी भाकरी घशाखाली उतरवावयाची तर मीठ आणि मिरची लागते. एक वाटी डाळ आठ जणांना पुरवावयाची तर तीत पाणी वाढते, आणि पाणी वाढले की मीठही वाढते. ज्याचे कालवण पातळ, त्याचे मीठ जास्त. मीठ हे त्याचे व्यसन नव्हे. ती त्याची भाजी आहे. ती काढून घेणाऱ्याने तिच्या जागी काय ठेवणार ते आधी सांगावे.

कोणी म्हणेल, हे लोक अडाणी, त्यांना पोषणाचे ज्ञान नाही. हा युक्तिवाद मी मानीत नाही. ज्वारीची भाकरी, तूर, उडीद, भगर, पावसाळ्यातल्या रानभाज्या हे सातपुड्यातले जुनेच अन्न आहे. ते आहारशास्त्राने शिकविलेले नाही. उलट आहारशास्त्र आता तेथवर येऊन पोहोचले आहे. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले. शहरात भरडधान्यांची बिस्किटे निघाली, आणि येथे रेशनच्या पिशवीत मुख्यतः गहू-तांदूळच पडत राहिले. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात माणशी महिना ५ किलो धान्याचा हक्क आहे, डाळीचा नाही. शहादा-तळोद्याच्या शेतांतली पपई ट्रक भरून उत्तरेकडे जाते, आणि ती तोडणाऱ्या हाताला दवाखान्यात सांगतात, ‘रोज फळे खात जा.’

दुसरे एक खूळ सुखवस्तू घरांत शिरले आहे: सैंधव खावे, ते बाधत नाही. सैंधव हेही मीठच, त्यातही सोडियमच. नेहमीच्या पिशवीतले आयोडीन मात्र त्यात बहुधा नसते. महाग मीठ खाल्ल्याने रक्तदाब सभ्यपणे वागतो असा दाखला मला कोठे आढळलेला नाही. आणि पाच रुपयांच्या फरसाणाच्या पुडीबद्दल तर पत्रक जवळजवळ मुकेच असते! चिलीने २०१६ पासून अशा पुड्यांवर काळे अष्टकोनी इशारे छापावयास लावले; आपल्याकडे २०२२च्या मसुद्यात इशाऱ्याऐवजी तारे देण्याची कल्पना निघाली. खारट पुडीला तारा आणि रोग्याला उपदेश!

मग करावे काय? घरापुरते बोलावयाचे तर एक हिशेब सांगतो. तो कोणत्याही कागदाशिवाय लक्षात राहील. पाच माणसांच्या घरात एक किलो मिठाची पिशवी चाळीस दिवस पुरली पाहिजे. ती वीस दिवसांत संपत असेल तर प्रत्येकाच्या पोटात दुप्पट मीठ जाते आहे, आणि पापड, लोणचे, फरसाण यांतले वेगळेच. दुसरी गोष्ट चवीची. धडगावकडचा आमचूर आणि नंदुरबारची मिरची ज्यांच्या दाराशी आहे त्यांनी मिठावाचून जेवण अळणी लागते अशी तक्रार करू नये. आंबट आणि तिखट यांनी मिठाची उणीव बरीच झाकली जाते. भाकरीच्या पिठात मीठ घालावयाचे कारणच नाही.

परंतु घराच्या उंबऱ्यावर हा विषय संपत नाही. रेशनवर डाळ हक्काने मिळाली पाहिजे. आश्रमशाळेच्या आणि अंगणवाडीच्या स्वयंपाकघरात मीठ मोजून पडले पाहिजे. पोटॅशियममिश्रित मिठाची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये घरगुती वापरासाठी केलीच आहे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ते घेऊ नये आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावे, एवढी ताकीद देऊन ते साध्या मिठाच्या भावात दुकानात आणता येईल. हे सारे खर्चाचे काम आहे, हे मला मान्य. पण पक्षाघाताने आडव्या झालेल्या कर्त्या माणसाचा खर्च कोणाच्या वहीत लिहिला जातो?

ज्या दिवशी पत्रकाबरोबर किलोभर तुरीची डाळ मिळेल, त्या दिवशी पत्रक वाचण्याचीही फारशी गरज उरणार नाही. तोपर्यंत त्या कागदाला पथ्य म्हणणे मला मंजूर नाही.