कंपनीने दार लावले तरी फाइल उघडली पाहिजे

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे धडधाकट चालणारे असंख्य संगणक बाद ठरले. त्यांवर लिनक्स घाला, हा सल्ला रास्त आहे. पण डीटीपीच्या टेबलापाशी तो अडतो. युनिकोड रुळण्यापूर्वी कितीतरी मराठी पुस्तके आणि दिवाळी अंक पेजमेकर या पाने जुळवण्याच्या प्रोग्रॅममध्ये, श्रीलिपी किंवा आकृतीच्या फॉन्टांत जुळवले गेले. नुसता मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो, पण पानाची मूळ मांडणी हुबेहूब पाहायची तर बहुधा विंडोजवरचा तो जुना प्रोग्रॅमच सुरू व्हावा लागतो. म्हणूनच लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणे हा हौशी मंडळींचा उद्योग मानू नये. विद्यापीठांनी, ग्रंथालयांनी आणि राज्य सरकारने त्यासाठी पैसा आणि माणसे द्यावीत.

लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारे ‘वाइन’ हे सॉफ्टवेअर १९९३पासून घडते आहे. ते संगणकात दुसरा संगणक उभा करत नाही. प्रोग्रॅम विंडोजकडे जे मागतो, म्हणजे फाइल उघडणे, खिडकी काढणे, ते लिनक्सकडून करवून घेते. बऱ्याच अंशी स्वयंसेवकांच्या बळावर त्याची १.० आवृत्ती यायला १५ वर्षे लागली. २०१८मध्ये गेमच्या धंद्यातल्या व्हाल्व्हने वाइनवर आधारलेले ‘प्रोटॉन’ आणले, पगारी माणसे कामाला लावली, आणि २०२२मध्ये विंडोजचे हजारो गेम खेळवणारे स्टीम डेक हे लिनक्सयंत्र बाजारात आले. गेमसाठी जे जमले ते ग्रंथांसाठी का जमू नये? विंडोज ३.१च्या काळातले १६-बिट प्रोग्रॅम खुद्द विंडोज ११वर चालत नाहीत. वाइनवर त्यांतले बरेच आजही चालतात.

अशी सोय झाली की लिनक्ससाठी नवे प्रोग्रॅम कोणी लिहिणार नाही, हा आक्षेप बिनबुडाचा नाही. आयबीएमच्या ओएस/२ या प्रणालीवर विंडोजचे प्रोग्रॅम उत्तम चालत, आणि त्याच्यासाठी वेगळे लिहिण्याची गरज अनेकांना वाटेनाशी झाली. मात्र इथे प्रश्न जुन्या प्रोग्रॅमचा आहे; त्यांतले कित्येक बनवणाऱ्यांनीच सोडून दिले आहेत, ते नव्याने लिहायला कोणी बसलेले नाही. डाँगलची, म्हणजे प्रोग्रॅमची नक्कल रोखण्यासाठी संगणकाला जोडायच्या कुलपाची, अडचण अधिक खरी आहे. ते कुलूप ओळखणारा ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात बसतो, तिथवर वाइनचा हात पोचत नाही. विक्री थांबलेल्या मराठी सॉफ्टवेअरची कुलपे बनवणाऱ्यांनीच काढून द्यावीत, आणि सरकारी खरेदीच्या करारांत यापुढे ही अट आधीच लिहिलेली असावी.