'इन' म्हणजे आत की बाहेर?

माझं इंग्रजीशी तसं भांडण नाही. पाहुणी म्हणून आली, राहिली, आता घरातलीच झाली. तिच्या स्पेलिंगचे चाळेही मी केव्हाच माफ केले आहेत. माझं भांडण आहे ते फक्त दोन अक्षरांशी. 'आय' आणि 'एन'. या दोघांनी शब्दाच्या दारात उभं राहून जो गोंधळ घातला आहे, तसा आमच्या शाखेत पेन्शनच्या दिवशीसुद्धा होत नाही.

शाळेत सरांनी शिकवलं होतं, शब्दाआधी 'इन' लागलं की अर्थ उलटा. करेक्ट म्हणजे बरोबर, इन्करेक्ट म्हणजे चूक. डायरेक्ट म्हणजे थेट, इन्डायरेक्ट म्हणजे आडून. नियम सोपा होता, छडी न खाता पाठ झाला. पुढे कॉमर्सला गेलो आणि त्या नियमाचं दिवाळं वाजलं. सॉल्व्हंट म्हणजे देणी फेडू शकणारा, इन्सॉल्व्हंट म्हणजे दिवाळखोर, इथवर ठीक. पण मग इन्कम म्हणजे 'न येणारे' असं का नाही? माझी पगाराची स्लिप पाहून तरी तोच अर्थ बरोबर वाटतो. शुअर म्हणजे नक्की, तर इन्शुरन्स म्हणजे काहीच नक्की नाही. हे क्लेम केलेल्या कोणालाही पटेल. व्हेस्ट म्हणजे बनियन, तेव्हा इन्व्हेस्टमेंट म्हणजे अंगावर बनियनही न उरणं. गंमत म्हणजे लॅटिनमध्ये या शब्दाचा मूळ अर्थ कपडे चढवणं असा आहे. शेअर बाजारातून परतलेल्या माझ्या मेव्हण्याला हे सांगून पाहिलं. त्याने चहा अर्धा टाकला.

जाणकार म्हणतात, यात गोंधळ कसला? 'इन' एक नाहीच मुळी. एक 'नाही' म्हणणारा, दुसरा 'आत' म्हणणारा. हिंदी सिनेमातल्या जुळ्या भावांसारखं आहे म्हणा ना! पण सिनेमात निदान एकाच्या गालावर तीळ तरी असतो. इथे प्रेक्षकाने ओळखायचं कसं?

एरवी मी हेही हसण्यावारी नेलं असतं. पण एकदा घाटात आमची एस्टी एका टँकरच्या मागे तासभर रखडली. टँकरच्या पाठीवर लाल अक्षरांत लिहिलेलं, 'हायली इन्फ्लेमेबल'. माझ्या शेजारचे गृहस्थ ते वाचून निर्धास्त झाले. म्हणाले, "इन आहे, म्हणजे पेटणारं नाही." आणि त्यांनी खिशातून काडेपेटी काढली. मी त्यांचा हात धरला तो घाट उतरेपर्यंत सोडला नाही. तो 'इन' आतवाला, म्हणजे ज्वाळा आत घेणारा! फ्लेमेबल आणि इन्फ्लेमेबल, दोन्हींचा अर्थ एकच, पेटणारं. हा घोळ गोऱ्यांनाही भोवेल असं वाटलं, म्हणून अमेरिकेतल्या आगप्रतिबंधक मंडळींनी १९२०च्या दशकातच 'इन' काढून टाका असा आग्रह धरला. ब्रिटिश मानक संस्थेनेही १९५९ साली तेच सांगितलं. ज्यांचा शब्द त्यांनी बदलला. आपल्याकडे मात्र तो अजून टँकरच्या पाठीवर बसून घाट चढतो. अहो, 'ज्वालाग्राही' असा स्वच्छ शब्द आहे, नाहीतर 'लवकर पेटतं, लांब राहा' असं लिहा. रंग तेवढाच लागेल.

हे सगळं मी घरी तावातावाने सांगत होतो. म्हटलं, "मराठीत बघ, असली फसवाफसवी नाही!" बायको भाजी निवडत म्हणाली, "अहो, परवा ऑफिसातनं आल्या आल्या तुम्हीच ओरडत होता, माझ्या अपरोक्ष ड्रॉवर कोणी उघडला म्हणून. परोक्ष म्हणजे पाठीमागे. मग अपरोक्ष म्हणजे समोरच ना?" मी कोशात पाहिलं. तिचं बरोबर होतं. सगळा महाराष्ट्र पाठीमागच्या गोष्टी 'अपरोक्ष' करतो, त्यात मीही. म्हणजे आमच्याही घरात एक टँकर उभा आहेच. फरक इतकाच, की 'अपरोक्ष'ने कोणी भाजत नाही आणि कोणी बुडत नाही.

बुडण्याचं आता सांगतो. एक आजी काउंटरवर आल्या. मुदत ठेवीची पावती हरवलेली. मी नियमाप्रमाणे इन्डेम्निटी बाँड पुढे केला. त्यांनी विचारलं, "बाबा, हे इन्डेम्निटी म्हणजे काय रे?" मला माझी विद्वत्ता दाखवायची हुक्की आली. म्हटलं, "आजी, इन म्हणजे नाही आणि डॅम्नम म्हणजे नुकसान. लॅटिन आहे." आजींचा चेहरा उजळला. "म्हणजे नुकसान नाही! मग हरकत नाही," म्हणत त्यांनी पेन उघडलं.

व्युत्पत्ती अगदी बरोबर होती. फक्त नुकसान नाही ते बँकेचं. आजींचं नाही असं त्यात कुठेच म्हटलेलं नव्हतं. मी पटकन कागदावर हात ठेवला आणि म्हणालो, "आजी, थांबा. उद्या ती पावती घेऊन दुसरं कोणी आलं आणि बँकेला पैसे द्यावे लागले, तर ते बँक तुमच्याकडून वसूल करील. त्याची ही हमी."

आजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मग हे असं लिहीत का नाही?"

आता यावर काय बोलणार! बँकांनी ग्राहकांचे छापील कागद इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक अशा तिन्ही भाषांत द्यावेत, असं रिझर्व्ह बँकेने सांगितलेलं आहे. पण तेवढ्याने भागत नाही. तोच बाँड मराठीत आला की त्याचं नाव होतं 'क्षतिपूर्ती बंधपत्र', आणि आजी पुन्हा विचारतात, "बाबा, म्हणजे काय रे?" शब्द लॅटिनमधून आणा नाहीतर संस्कृतमधून, सही करणाऱ्याला कळला नाही तर दोन्ही सारखेच. कथाकवितांत शब्दांनी हवं तेवढं लपूनछपून खेळावं, माझी ना नाही. पण जिथे आग लागते आणि जिथे पैसा जातो, तिथे शब्दाने सरळ चेहऱ्याने उभं राहिलं पाहिजे.

आजींनी सगळं समजून घेऊन सही केली, घरी गेल्या आणि तासाभराने परत आल्या. पावती सापडली होती. कुठे? गेल्या वर्षीच्या इन्कम टॅक्सच्या कागदांत, आत.