काळाचे नाव आणि माणसांचा हिशेब

पाचाडला जिजाऊंच्या समाधीपाशी उभे राहिले म्हणजे मृत्यूचा विचार टाळू म्हटले तरी टळत नाही. शके १५९६ च्या ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस वर रायगडावर शिवरायांना राज्याभिषेक झाला, दोन दिवसांनी वटपौर्णिमा आली, आणि वद्य नवमीस या माउलीने येथे देह ठेवला. पुत्राच्या मस्तकी छत्र पाहीपर्यंत काळ उंबरठ्याबाहेर तिष्ठत राहिला, असे आपले मन सहज बोलून जाते.

मृत्यूला असे रूप देण्याची वृत्ती देशोदेशी आढळते. पंधराव्या शतकातील एका पोलिश संवादकाव्यात पोलिकार्प नामक पंडितापुढे मृत्यू प्रकटतो तो स्त्रीरूपाने, कारण त्या भाषेत तो शब्दच स्त्रीलिंगी आहे; कुजलेल्या देहाची ही कृश स्त्री वैद्य, न्यायाधीश आणि ढोंगी मठवासी या सर्वांची निर्भीड झडती घेते. आपल्या महाभारतातील मृत्यूही एके ठिकाणी स्त्रीच आहे, आणि संहाराचे काम ब्रह्मदेवाने सोपविताच ती रडू लागते. यमाला तर आपण ‘धर्म’ म्हटले, आणि त्याच्या दरबारी चित्रगुप्ताचे दप्तर ठेवले, ज्यात राव आणि रंक यांची खाती सारख्याच काटेकोरपणे लिहिली जातात. मृत्यूला मुख देणाऱ्या पूर्वजांनी त्या मुखातून जिवंतांकडेच हिशेब मागितला.

आपण मात्र ते मुख जबाबदारी झाकण्यासाठी वापरू लागलो आहो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळून दोन एस. टी. गाड्या माणसांसह वाहून गेल्या, २२ जुलै २०२१ रोजी तळीये येथे दरडीखाली घरेच्या घरे गाडली गेली. आणि अशा प्रत्येक प्रसंगी ‘काळाने घाला घातला’ असे लिहून आपण लेखणी खाली ठेवतो. घाला काळाचा म्हटला की पुलाची तपासणी कोणी, कधी केली आणि डोंगरउताराचा धोका कोणाच्या दप्तरी नोंदला होता, हे प्रश्न आपसूक मागे पडतात.

या नदीशी जिचे नाव जुळते, त्या कथेतील सावित्रीने यमाचा शब्द अखेरचा मानला नाही. त्याच्या मागोमाग चालत ती बोलत राहिली, आणि पतीचे प्राण घेऊनच परतली. तिच्या नावाने वडाला सूत गुंडाळणाऱ्या या मुलखात दर ज्येष्ठात, पावसाने जोर धरण्यापूर्वी, जुन्या पुलांचे आणि खचणाऱ्या उतारांचे तपासणी-अहवाल ग्रामसभेत मोठ्याने वाचले जावेत, आणि त्यांवर सही करणाऱ्याचे नाव साऱ्या गावाला ठाऊक असावे. चित्रगुप्ताचे दप्तर मरणानंतर उघडते. आपले त्याआधी उघडले पाहिजे.